बेचाळीस पाठकोरी पाने

१

फाइलच्या जागी लाकडाचा ठोकळा होता.

पोलादी कपाटात तिसऱ्या फळीवर शेजारच्या फायली एकमेकींवर कलंडू नयेत, म्हणून कुणीतरी फाइलच्याच जाडीचा ठोकळा त्या पोकळीत नीट बसवला होता. चोर सहसा शेजाऱ्यांची इतकी काळजी घेत नाहीत. हे मला त्याच क्षणी खटकायला हवे होते. मी मात्र ठोकळ्याची नोंद केली आणि पुढे गेले. नोंद करणे म्हणजे विचार करणे, असा समज मी चाळीस वर्षे अध्यापनातून पसरवला आहे.

"मॅडम, चौकशीला बाहेरचं माणूस हवं," खरेदीप्रमुख म्हणाला. "आणि बाहेरचं असून आतलं सगळं ठाऊक असलेलं. असं माणूस एकच."

तो माझा विद्यार्थी. आता सरकारी तेल-वायू कंपनीची सारी खरेदी त्याच्या सहीने होते. टेबलावर काचेची ढाल होती, 'शाश्वत खरेदी: प्रथम क्रमांक'. ती मिळवून देणारी संहिता सहा वर्षांपूर्वी मी लिहिली. विहिरींना लागणारी रसायने ज्या पिंपांतून येतात, ती नवी घेण्याऐवजी धुऊन पुन्हा वापरलेली घ्यावीत, ही तिच्यातली सर्वांत गाजलेली तरतूद. पृथ्वीवरचे पोलाद वाचले. पिंपे कोण धुणार, हा प्रश्न संहितेच्या कक्षेबाहेरचा होता.

पुरवठादाराच्या शेडमध्ये पिंपे धुणाऱ्या एका बाईचा डावा डोळा चार महिन्यांपूर्वी गेला. कॉस्टिक सोड्याचे पाणी उडाले. उजवाही आता अंधुक होत चालला होता. गुरुवारी सकाळी अकराला सुनावणी होती. कंपनी म्हणत होती, आम्हाला त्या शेडमधल्या स्थितीची कल्पनाच नव्हती. बायका म्हणत होत्या, तुमची माणसे दीड वर्षापूर्वी येऊन, पाहून, लिहून गेली. काय लिहिले, ते या फाइलमध्ये होते. फाइल मिळाली तर शेड बंद होईल आणि त्या बाईच्या डोळ्यांचे उपचार कंपनीच्या अंगावर पडतील. नाही मिळाली तर त्याच दुपारी कंत्राटाला तीन वर्षांची मुदतवाढ, आणि उरलेल्या नऊ बायका पुन्हा त्याच पाण्यात.

आज सोमवार होता. माझ्यासाठी प्रश्न एका हरवलेल्या कागदाचा होता. हे वाक्य लिहिताना लाज वाटते, म्हणूनच ते खोडत नाही.

२

दप्तरखान्याची किल्ली एकाच माणसाकडे. सगळे त्याला सुईकाका म्हणत, कारण फायली तो स्वतः सुईदोऱ्याने शिवत असे. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"बेचाळीस पानं होती," तो म्हणाला. "आकडे मीच घातलेत. एकेक पान एका बाजूला टंकलेलं, कोपऱ्यात छिद्र, त्यातून दोरा."

"शेवटची कधी पाहिलीत?"

"आज सकाळी."

"आणि नंतर?"

"नंतर ती फाइल राहिली नाही, बाई."

"चोरीला गेली?"

"चोरीला जाऊन जाणार कुठं? फाटकावर आमच्या डब्याची झाकणंसुद्धा उघडून बघतात."

"जाळली असेल कुणी."

तो एवढा दुखावला की चष्मा काढून पुसू लागला. "एकतीस वर्षांत या इमारतीत मी एक कागद जाळू दिला नाही. कापायचं यंत्र होतं, तेही तुमच्या पुस्तकानं विकायला लावलं. आणि मी खोटं बोलत नाही. म्हणून तर अजून तळमजल्यावर आहे."

मी पर्समध्ये वही शोधू लागले. सुईकाकांनी खणातून एक पॅड काढून माझ्यापुढे सरकवले. पाठकोऱ्या कागदांचे, वरच्या कडेला शिवलेले.

"यावर लिहा. नवा कागद कशाला नासायचा?"

मला कौतुक वाटले. संहितेचे कलम एकोणीस, माझे लाडके: एका बाजूने वापरलेला कागद फेकू नये, त्याची पॅडे शिवून कोऱ्या बाजूने लिहावे. मागच्या मजकुरावर तिरपी रेघ मारावी, तो मृत समजावा आणि वाचू नये. गोपनीयतेसाठी ही शेवटची अट मी स्वतः घातली होती. कंपनीत ती इतकी मुरली होती की पॅडचे पान उलटताना माणसे नजर दुसरीकडे वळवत, परक्याचे पत्र समोर आल्यासारखी.

पहिल्या पानावर मी हिरव्या शाईने 'संशयित' असे लिहिले. हिरवी शाई ही माझी जुनी खोड. इमारतीत मला त्यावरूनच ओळखत. खाली आकडे घातले: एक, खरेदीप्रमुख. दोन, दप्तरदार. तीन, पिंपांचा पुरवठादार. चार, पाहणी करणारा सुरक्षा अभियंता. पाच हा आकडा रिकामाच ठेवला; त्याच्यापुढे एक हिरवा ठिपका उमटलेला दिसला. पेन गळते आहे असे वाटून मी ते झटकले.

"बाई," मी दारात असताना सुईकाका म्हणाला, "पॅड संपेपर्यंत सोडू नका हं."

३

सुरक्षा अभियंता आता सुरक्षा पाहत नव्हता. त्याला भंगाराच्या आवारात वजनकाट्यावर बसवले होते. पाहणीनंतर दोन महिन्यांत बदली.

"बढतीच म्हणायची," तो म्हणाला. "पूर्वी माझ्या शब्दाला वजन नव्हतं. आता दिवसभर वजनच करतो."

"काय पाहिलंत तिथे?"

"हातमोजे पाहिले. नवे कोरे, घडीसुद्धा मोडली नव्हती. आम्ही मागे वळलो तसे पुरवठादारानं गोळा करून पेटीत ठेवले. धुवायची पद्धत अशी, की पिंपात कॉस्टिक आणि गरम पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि पायानं लोळवायचं. झाकणं गळकी. डोळ्यांवर काही नाही. धुतलेलं पाणी मागच्या ओढ्यात. सात पानं लिहिली मी. शेवटी लिहिलं, 'येथे कुणाचा तरी डोळा जाईल.' खरेदीच्या साहेबांना स्वतः नेऊन दिली. त्यांनी सही करून फाइलला लावली."

"प्रत ठेवली असेल."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "दुसरी प्रत काढायला बंदी आहे, मॅडम. कागद वाचवायचा असतो."

मी लिहीत राहिले. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात छिद्र होते. वारा आला की पान त्यातून शीळ घातल्यासारखे फरफरत होते.

"मग शेडला शंभरपैकी शंभर गुण कसे पडले?"

"समितीत तिघे असतात. मी, स्टोअरचे साहेब आणि बाहेरचा एक तज्ज्ञ. आम्ही दोघं गेलो. गुणपत्रिका तज्ज्ञ भरतो, आणि तज्ज्ञाचा शब्द अंतिम. हेही पुस्तकातच आहे."

"तो तज्ज्ञ आलाच नाही?"

"नाही."

"कोण होता?"

त्याने काट्यावरची धूळ हाताने पुसली. "फाइलमध्ये सही आहे," तो म्हणाला. "फाइल मिळाली की बघा."

बाहेरचे तज्ज्ञ त्या वर्षी आम्ही पाच जण होतो. मी आग्रह धरला नाही. पुराव्याआधी नावे घेऊ नयेत, असा माझा दंडक आहे. दंडक फार उपयोगी पडतात.

४

पुरवठादार मंगळवारी स्वतःच भेटायला आला. त्याला पहिल्या मजल्याच्या वर जाऊ देत नसत. पाहुण्यांच्या खोलीत तो घरच्यासारखा पसरून बसला होता.

"मॅडम, फाइल गेल्याचं मला तुमच्यापेक्षा दुःख आहे. शंभर गुण होते तिच्यात. असा कागद कुणी हरवतं का? मी तर फ्रेम करून लावला असता."

"सात पानांचा दुसराही एक कागद होता."

"असेल. वाचला कुणी?" तो हसला. "माझी पिंपं अशी स्वच्छ, की तोंड बघून घ्या त्यात."

"आणि धुणाऱ्या बायका?"

"त्यांच्या घरी आरसे आहेत."

हा मनुष्य निर्लज्ज होता, पण चोर नव्हता. फाइल त्याच्या पथ्यावरच पडली असती, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. गुणपत्रिकेखाली काय आहे, याची त्याला फिकीर नव्हती, कारण गुणपत्रिकेखाली कुणी पाहत नाही, हे अनुभवाने त्याला ठाऊक होते.

तो गेल्यावर बाकावर बसलेली एक बाई उठली. हाताची बोटे सोललेल्या सालीसारखी. "मी धाकटी जाऊ," ती म्हणाली. "डोळा गेला ती माझी थोरली."

"तुम्ही आता कुठे काम करता?"

"तिथंच. तिच्या जागेवर." मग जरा ओशाळून, "घरात दोघींपैकी एकीनं तरी जायला हवं ना."

मी पॅड उघडले.

"पाहणीच्या दिवशी तीन खुर्च्या मांडल्या होत्या," ती सांगू लागली. "मालक म्हणाले, मोठे विद्वान येणारेत, नीट पुसा. थोरलीनं स्वतःच्या पदरानं पुसली मधली. दोघं आले. मधली रिकामीच राहिली. थोरली म्हणाली, बरंच झालं, विद्वान माणूस आलं असतं तर या वासानं चक्कर येऊन पडलं असतं." ती थोडी हसली. "तिला असं बोलायची सवय आहे. अजून बोलते. परवा मला म्हणाली, तुझं तोंड दिसत नाही तेवढं एक बरं झालं बघ."

मी हसले. माझ्या पेनाने शब्दशः टिपून घेतले. तिने निघताना विचारले, "फाइल सापडेल ना बाई? बुधवारपर्यंत सापडली तर मी गुरुवारी कामावर जाणार नाही."

५

बुधवारी दुपारी खरेदीप्रमुखाने चहा मागवला.

"कुठपर्यंत आलंय, मॅडम?"

"कपाटाला हात फक्त सुईकाका लावतो. त्याला फायदा काहीच नाही. फायदा तुला आहे, पण तू दप्तरखान्यात उभ्या आयुष्यात उतरला नाहीस."

तो लाजला नाही, विद्यार्थिदशेतही लाजत नसे. "तुम्ही शिकवलेलं एक वाक्य अजून आठवतं. 'जो कागद भरलेला असतो, तो तपासला गेला असे व्यवस्था मानते.' परीक्षेत मी त्यावर सहा पानं लिहिली होती. तुम्ही उत्तम गुण दिलेत."

"ती टीका होती."

"असेल. मी पद्धत म्हणून वाचलं." त्याने कप बशीत ठेवला. "फाइल शोधू नका असं मी म्हणणार नाही. सापडलीच, तर तिच्यात कुणाकुणाच्या सह्या आहेत ते आधी पाहा. मग उद्या काय सांगायचं ते ठरवा. म्हणून तर मी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही."

त्याने बोलावले तेव्हा मला तो माझा गौरव वाटला होता. त्या चहाच्या टेबलावर प्रथमच मनात आले की सापळ्यातही तुकडा सन्मानानेच ठेवतात.

६

मी तळमजल्याच्या जिन्यात बसले आणि प्रथमपासून विचार केला.

कागद इमारतीबाहेर गेला नव्हता. फाटकावर डबे उघडतात. जळला नव्हता. कापला गेला नव्हता, यंत्रच नव्हते. खोटे न बोलणारा माणूस म्हणाला होता, 'ती फाइल राहिली नाही.' चोरीला गेली असे तो एकदाही म्हणाला नव्हता. आणि ज्याने ती काढली, त्याने शेजारच्या फायलींना बाक येऊ नये म्हणून ठोकळा ठेवला होता. कागदावर इतका जीव असलेला माणूस कागद नष्ट करणार नाही. मग या इमारतीत जो कागद फाइलमध्ये नाही आणि नष्टही झालेला नाही, तो कुठे असतो?

आम्ही सारे पुठ्ठा, दोरा आणि लेबल शोधत होतो. पाने कुणीच शोधत नव्हते.

दप्तरखान्याच्या दारामागे पॅडांची नोंदवही टांगलेली असते. कलम एकोणीस तसे सांगते. सोमवारची एकच ओळ होती, सुईकाकांच्या मोत्यासारख्या अक्षरात: 'पाठकोरी पाने ४२. पॅड १. दिले: प्राध्यापकबाईंस.'

मी पॅड मांडीवर घेतले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छिद्र. कार्यालयातल्या साध्या रद्दीला छिद्र कशाला असेल? तीन दिवस मी त्या छिद्रांवर बोट ठेवून लिहीत होते.

आयुष्यात प्रथमच मी पाठकोऱ्या कागदाचा मृत मजकूर वाचला.

अभियंत्याची जबानी मी ज्या पानांवर घेतली होती, त्यांतल्या एकाच्या मागे त्याचेच सातवे पान होते. एका बाजूस त्याने परवा सांगितलेले, दुसऱ्या बाजूस दीड वर्षापूर्वी लिहिलेले. 'येथे कुणाचा तरी डोळा जाईल.' शेजारी खरेदीप्रमुखाची सही: 'पाहिले. दप्तरी दाखल.' तारीख. कंपनीला कल्पना होती.

एवढ्यावर मी थांबू शकले असते. ते पान पुरेसे होते. परंतु सुईकाका म्हणाला होता, पॅड संपेपर्यंत सोडू नका. मी पहिल्या पानाकडे आले, 'संशयित' लिहिलेल्या, आणि ते उलटले.

गुणपत्रिका. कामगार सुरक्षा: दहापैकी दहा. सांडपाणी: दहापैकी दहा. एकूण शंभर. 'मी प्रत्यक्ष स्थळी उपस्थित राहून पाहणी केली आहे.' त्याखाली सही, हिरव्या शाईत, शेवटी ठसठशीत टिंब. ते टिंब कागदातून आरपार उतरले होते. पाचव्या आकड्यापुढे.

आता आठवले. आठवले म्हणणेही उपकार होईल; सही पाहून मी तो दिवस अनुमानाने उभा केला. तारीख माझ्या व्याख्यानाची होती. विषय: 'खरेदीतील नैतिकता'. मंचाच्या मागे एकतीस पत्रिकांचा गठ्ठा आला होता. मी वरून खाली सह्या केल्या. गुण आधीच टंकलेले होते. कोणते पान कोणत्या शेडचे, हे मी पाहिले नाही. शंभर गुण पाहून संहिता यशस्वी होत आहे असे वाटले होते. मला आनंद झाला होता. हे सर्वांत वाईट.

"साहेब म्हणाले, पाठकोऱ्यात घाल," सुईकाका मागे येऊन उभा होता. "मी म्हटलं, लेखी द्या. ते म्हणाले, कलम एकोणीस लेखीच आहे."

"तुम्ही सरळ सुनावणीत द्यायची."

"मी दिली असती तर चोरलेला कागद ठरला असता. चौकशीत सापडली तर पुरावा." तो पायरीवर बसला. "साहेबांना खात्री होती, सापडली तरी तुम्ही दाखवणार नाही. मला माहीत नव्हतं. मला तर हेही माहीत नव्हतं, की तुम्ही पान उलटाल."

"तीन दिवस लागले."

"काखेत कळसा म्हणतात ते काही उगाच नाही," तो म्हणाला, आणि एवढ्या हळुवारपणे म्हणाला की त्यापेक्षा थोबाडीत बसली असती तर बरे.

७

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बारीक कापलेल्या केसांच्या, रुक्ष बाई होत्या. त्यांनी पॅड हातात घेऊन दोनदा फिरवले.

"कुठली बाजू वाचायची?"

"दोन्ही," मी म्हटले. "पहिल्या पानावर संशयितांची यादी आहे. पाचवे नाव मी आज सकाळी भरले. ते माझे आहे."

खरेदीप्रमुखाने मान खाली घातली नाही. तो माझ्याकडे, जास्त गुणांची अपेक्षा असलेल्या विद्यार्थ्यासारखा, नवलाने पाहत होता. अधिकाऱ्यांनी सात पाने मोठ्याने वाचून दाखवली, मग गुणपत्रिका. एकही ओळ न सोडता, शंभरपर्यंत. मी उभी होते. बसायला कुणी सांगितले नाही आणि मला बसवतही नव्हते.

"तुम्ही तिथे गेला होतात?"

"नाही."

"लिहिलं तर आहे, गेला होतात म्हणून."

"लिहिलं आहे."

दुपारी शेडला कुलूप लागले. उपचारांचा हुकूम निघाला. खरेदीप्रमुखाला घरी पाठवले, ढाल टेबलावरच राहिली. त्या वर्षी माझ्या हिरव्या सहीने गेलेल्या उरलेल्या तीस शेडांची यादी मी अधिकाऱ्यांना लिहून दिली. तिथे जाऊन पाहायचे काम मी मागितले. ते मला देऊ नये, असे त्यांनी नोंदवले, आणि तो निर्णय योग्य होता.

बाहेर बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीने थोरलीच्या कानात सांगितले, याच त्या. मी तयार केलेली वाक्ये होती. माणूस आयुष्यभर वाचतो ते अशा वेळी वाक्ये असावीत म्हणूनच. एकही उपयोगाचे नव्हते.

"मधली खुर्ची तुमची होती का?" थोरलीने विचारले.

"हो."

"मी पुसली होती."

"ठाऊक आहे."

तिने हात पुढे केला. मग म्हणाली, "बघू तो कागद."

अधिकाऱ्यांनी दिलेली गुणपत्रिकेची नक्कल, रंगीत, माझ्या हातात होती. तिने ती घेतली, उजव्या डोळ्याला जवळजवळ टेकवली आणि अक्षरांवरून हळूहळू डोके फिरवत गेली, जणू वास घेत होती. वाचता येत नव्हते तिला, दिसतही नव्हते. खाली, सहीपाशी, ती थांबली.

"हे हिरवं आहे ना?"

"हो," मी म्हटले.

"हिरवं अजून दिसतं मला," ती जावेला म्हणाली.